चर्मपक्षी, लिचीची बाग आणि बेटावरचे वन

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

ज्या संस्थेच्या पाठशाळेत मी लहानपणी णमोकार मंत्र शिकलो, तिच्या सुवर्णमहोत्सवात बोलण्याचा मान मला मिळाला, याबद्दल मी विश्वस्तांचा ऋणी आहे. मी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकविले. मी धर्मशास्त्राचा पंडित नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. त्यामुळे शास्त्रार्थात माझे काही चुकल्यास जाणकारांनी मला क्षमा करावी आणि कार्यक्रमानंतर दुरुस्तही करावे.

मला हाच विषय का दिला गेला, हे आपणांस ठाऊक आहे. धर्मशाळेच्या मागील वडावर गेली अनेक वर्षे वटवाघळांची वसाहत आहे. त्यांच्या विष्ठेने अंगण घाण होते, पहाटे गोंगाट होतो, शेजारच्या आपल्या चिकूच्या बागेचे नुकसान होते, आणि त्यात आता रोगराईच्या बातम्यांची भर पडली आहे. नव्या सभागृहाच्या निमित्ताने तो वडच काढून टाकावा, असा प्रस्ताव गेल्या चातुर्मासानंतर विश्वस्तांपुढे आला आहे. अध्यक्ष मला म्हणाले, “सर, तुम्ही मॉरिशसला जाऊन या प्राण्यांचे काम पाहून आलात. दोन्ही बाजू लोकांसमोर मांडा.” म्हणून आज मी त्या वडाविषयी कमी आणि हिंदी महासागरातील दोन बेटांविषयी अधिक बोलणार आहे. रात्रिभोजनाचा त्याग करणाऱ्या या सभेपुढे केवळ रात्रीच भोजन करणाऱ्या प्राण्याची बाजू मांडावी लागत आहे, हा योगायोगही गमतीचाच म्हणायचा.

प्रथम या जीवाची ओळख. आपल्या जीवविचारात खेचर तिर्यंचांचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत पिसांचे पंख असलेले ते रोमपक्षी आणि कातड्याचे पंख असलेले ते चर्मपक्षी. वटवाघूळ हा चर्मपक्षी. पण तत्त्वार्थसूत्रावरील भाष्यात एक सूक्ष्म गोष्ट आढळते. तेथे चर्मपक्ष्यांची गणना अंडज जीवांत न करता पोतज जीवांत, म्हणजे अंड्याशिवाय थेट जन्मणाऱ्या जीवांत केली आहे. आकाशात उडणारा हा प्राणी अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देतो, हे आपल्या आचार्यांनी नोंदवून ठेवले होते. आधुनिक प्राणिशास्त्रही त्याला सस्तन प्राण्यांत बसविते. मादी वर्षाकाठी बहुधा एकाच पिल्लाला जन्म देते आणि कित्येक आठवडे त्याला छातीशी बिलगवून उडते. ज्या जातीचा वंश इतक्या सावकाश वाढतो, ती एकदा घटली की पूर्वपदावर येण्यास दशके लागतात. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व हकिगत त्यावरच उभी आहे.

आता बेटांकडे वळू. मॉरिशस आपल्याला परके नाही. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत आपल्या कोकणातील माणसेही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवितात, गणेशचतुर्थी साजरी करतात, आणि त्या दिवशी तेथे सार्वजनिक सुट्टी असते. मात्र एक अप्रिय सत्यही सांगितले पाहिजे. ज्या उसासाठी आपली माणसे तेथे नेली गेली, त्याच उसासाठी त्या बेटावरील बहुतेक अरण्य तोडले गेले. आज उत्तम स्थितीतील मूळ जंगल बेटाच्या क्षेत्रफळाच्या दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. डोडो पक्ष्याच्या विनाशाची कथा आपण शाळेत वाचतो. डोडो ज्या वनात राहत होता, ते वनही जवळजवळ त्याच्या मागोमाग गेले, हे मात्र आपल्या पाठ्यपुस्तकांत येत नाही.

या बेटांचे एक वैशिष्ट्य असे की माणूस येण्यापूर्वी तेथे वटवाघळांखेरीज दुसरा एकही सस्तन भूचर नव्हता. वानर नाही, हरिण नाही, खार नाही, उंदीरसुद्धा नाही. मग मोठ्या फळांच्या बिया एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर कोणी न्यायच्या? काही काम महाकाय कासवे करीत, काही पक्षी करीत. कासवे माणसांनी खाऊन संपविली, मोठे फलाहारी पक्षीही बहुतांशी नष्ट झाले. आज मोठ्या बियांच्या वृक्षांसाठी उरला तो प्रामुख्याने हा चर्मपक्षी. तो फळ तोंडात धरून दूरच्या झाडावर नेतो, चावून रस गिळतो, चोथा थुंकतो, मोठे बी खाली टाकतो आणि बारीक बिया विष्ठेतून विखुरतो. ज्या विष्ठेचा आपल्याला त्रास होतो, तीच तेथील अरण्याची पेरणी आहे. मॉरिशसमध्ये पूर्वी फलाहारी वटवाघळाची आणखी एक लहान जात होती. ती एकोणिसाव्या शतकात नामशेष झाली.

मॉरिशसच्या पूर्वेस सुमारे ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज नावाचे चिमुकले बेट आहे. क्षेत्रफळ अवघे १०८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या तालुक्याचा एक कोपरा. १६९१ मध्ये फ्रान्स्वा लगा नावाचा फ्रेंच निर्वासित आपल्या सात सोबत्यांसह तेथे उतरला व दोन वर्षे राहिला. त्याच्या ग्रंथात त्या बेटाच्या घनदाट वनराईचे आणि असंख्य कासवांचे वर्णन आहे. पुढील शतकात जहाजांना ताजे मांस पुरविण्यासाठी तेथील कासवे बोटी भरभरून नेण्यात आली आणि त्यांचा वंशच बुडाला. सॉलिटेअर हा डोडोचा भाऊबंद पक्षीही गेला. लाकूड, शेती, शेळ्या आणि गुरे यांनी वन संपविले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे बेट म्हणजे बव्हंशी उघडे, धूप झालेले टेकाड बनले होते.

या बेटावर सोनेरी केसांचे एक वटवाघूळ आहे. जगात अन्यत्र कोठेही ते नैसर्गिक अवस्थेत आढळत नाही. वजन पाव किलोच्या थोडे पुढे, डोके व खांदे जणू सोन्याच्या वर्खाने मढविलेले. आपल्याकडील वटवाघळे अंधार पडल्याशिवाय हलत नाहीत, पण हे दुपार कलताच उडू लागते. १९७० च्या दशकात त्याची संख्या शंभराच्याही खाली गेली. कारण केवळ शिकार नव्हे. त्या भागात वरचेवर चक्रीवादळे येतात. पूर्वी खोल, गर्द दऱ्यांत वटवाघळांना आसरा मिळे आणि वादळानंतरही कोठे ना कोठे थोडीफार फळे शिल्लक राहत. झाडेच नसल्यावर वारा त्यांना समुद्रात भिरकावू लागला, आणि जी वाचत, ती पुढील महिन्यांत उपाशी मरत. १९७६ मध्ये जेराल्ड डरेल हे प्राणिसंग्राहक व लेखक तेथे गेले. उरलेली वसाहत एका दरीतील जुन्या आंब्याच्या झाडांवर लटकत होती. त्यांनी थोडी वटवाघळे पकडून मॉरिशसमध्ये आणि जर्सी बेटावरील आपल्या संस्थेत वाढविण्यासाठी नेली. एकाच वादळात सगळा वंश बुडू नये, ही त्यामागील भूमिका होती.

येथवरची कथा परदेशी तज्ज्ञांची आहे. मला जे सांगावयाचे आहे ते पुढे आहे आणि ते तेथील तरुणांचे आहे.

रॉड्रिग्जमधील एका शाळेच्या शिक्षकांनी १९८० च्या सुमारास मुलांना बेटावरील दुर्मीळ वनस्पती शोधण्यास सांगितले. एका विद्यार्थ्याने एका झुडपाची फांदी आणून दाखविली. पांढऱ्या चांदणीसारखी फुले असलेली, कॉफीच्या कुळातील ती वनस्पती कित्येक वर्षांपूर्वीच नष्ट झाली, असे सर्व तज्ज्ञ मानीत होते. तिचे ते एकच झाड शिल्लक होते, आणि तेही रस्त्याच्या कडेला. बातमी पसरताच ते औषधी आहे म्हणून लोक त्याच्या फांद्या तोडू लागले. मग त्याभोवती कुंपण घालावे लागले, ते अपुरे पडले म्हणून दुसरे घालावे लागले. १९८६ मध्ये त्याच्या काही काड्या विमानाने लंडनजवळील क्यू उद्यानात पोहोचविण्यात आल्या. तेथे रोपे झाली, फुलेही येत राहिली, परंतु बी धरेना. अखेर कार्लोस मॅग्डालेना या उद्यानकर्मीच्या चिकाटीने २००३ मध्ये बी मिळाले, आणि पुढे त्यापासून झालेली रोपे मायभूमीत परतली. मी शिक्षक असल्यामुळे कदाचित माझा पक्षपात होत असेल, पण या हकिगतीत मला क्यू उद्यानापेक्षा तो शाळकरी मुलगा आणि त्याला रानात धाडणारे गुरुजी मोठे वाटतात.

१९८४ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन या संस्थेने रॉड्रिग्जमधील ग्रांद मोंताञ आणि आन्स किटोर या दोन राखीव क्षेत्रांत मूळ वन पुन्हा उभे करण्याचे काम हाती घेतले. २०१९ मध्ये मी तेथे गेलो तेव्हा त्या कामावर रॉड्रिग्जचीच मुले-मुली होती. कोणी विज्ञानाचे पदवीधर, कोणी शाळा सोडून आलेले, कोणी मच्छीमाराची मुले. काम कसे चालते ते थोडे सविस्तर सांगतो. प्रथम कुंपण, म्हणजे शेळ्या-गुरे आत येऊ नयेत. मग उपऱ्या झाडाझुडपांची तोडणी. त्यानंतर बेटावर इकडेतिकडे उरलेल्या स्थानिक झाडांचे बी गोळा करावयाचे. एखाद्या जातीची जगात चार-सहाच झाडे शिल्लक, आणि तीही कड्याच्या टोकावर. बी रोपवाटिकेत रुजवायचे, आणि मोकळ्या केलेल्या जागेत रोपे अगदी दाट लावायची. दाट यासाठी की लवकर सावली व्हावी आणि तण पुन्हा उठू नये. पहिली काही वर्षे माणसे त्याच त्याच तुकड्यावर वाकून तण उपटीत असतात. सभांतून दाखविण्याजोगे त्यात काहीच नसते. तिशी ओलांडलेल्या भागात मात्र मी आत शिरलो तेव्हा डोळ्यांना गारवा जाणवला. लाटानिए नावाचे पंख्याच्या पानांचे माड, केवड्याच्या कुळातील वृक्ष, आणि त्यांत हळदीच्या रंगाचा एक चिमणा पक्षी. हा रॉड्रिग्जचा फोडी पक्षी. एके काळी त्याच्या बोटांवर मोजण्याइतक्या जोड्या उरल्या होत्या, आज तो हजारोंनी आहे.

वटवाघळांचे काय झाले? संध्याकाळी त्या तरुणांनी मला दरीच्या कडेवर नेले. प्रत्येक ठिकाणी एकेक जण हातात मोजणीयंत्र घेऊन बसतो आणि आकाशरेषा ओलांडून जाणारे प्रत्येक वटवाघूळ मोजतो. वर्षानुवर्षे, ठरल्या वेळी. मध्यंतरी २००३ च्या मार्चमध्ये कालुंडे नावाचे चक्रीवादळ आले तेव्हा संख्या पुन्हा खाली गेली होती. पण २०१६ च्या सुमारास ती सुमारे २० हजारांवर पोहोचली. शंभरांहून कमी ते वीस हजार! तिला वाचविण्यात बंदिवासातील प्रजननापेक्षा मोठा वाटा पुन्हा लावलेल्या झाडांचा, शिकारबंदीचा आणि शाळाशाळांतून फिरणाऱ्या शिक्षणकार्याचा आहे, असे तेथील कार्यकर्ते मानतात. या शिक्षणकार्यास फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयाने दीर्घकाळ आर्थिक साहाय्य केले. बेटावरील मुले या प्राण्याला आपले मानू लागली. अपशकुनी, अंधाराचा, घाणेरडा असे त्याच्याविषयी आपण जे बोलतो, ते तेथे मला ऐकू आले नाही.

आता दुसरी बाजू. तीच सांगण्यासाठी मला बोलावले आहे.

मुख्य मॉरिशस बेटावर एक वेगळी, काळपट रंगाची आणि आकाराने मोठी जात आहे. तेथे लिची व आंबा ही उत्पन्नाची फळे. घरोघरच्या परसात लिचीचे झाड असते आणि नाताळाच्या सुमारास ते लालभडक होते. वटवाघळेही नेमकी तेव्हाच येतात. बागाईतदारांचा संताप खोटा नाही. आपल्यापैकी ज्यांच्या द्राक्षबागा आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. वर्षभर जपलेला माल एका रात्रीत अर्धा चावून टाकलेला दिसला की अहिंसेवरील प्रवचन गोड लागत नाही. २०१५ मध्ये तेथील सरकारने नवा वन्यजीव कायदा संमत केला, आणि संरक्षित प्राणीही उपद्रवी ठरल्यास मारण्याची वाट मोकळी झाली. २०१५ आणि २०१६ या दोन वर्षांतच ३८ हजारांहून अधिक वटवाघळे गोळ्या घालून मारण्यात आली. पुढे २०१८ मध्ये पुन्हा तोच मार्ग धरला गेला. लिची पिकते त्या ऋतूत कित्येक माद्यांच्या अंगाला पिल्ले बिलगलेली असतात. माता गोळीने मेली तर पिल्लू भुकेने मरते आणि त्याची गणना कोणत्याही सरकारी आकड्यात होत नाही. २०१८ मध्येच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला ‘असुरक्षित’ या वर्गातून काढून ‘संकटग्रस्त’ या अधिक गंभीर वर्गात टाकले.

एवढी हत्या करून फळे वाढली का? मॉरिशस विद्यापीठातील व्हिन्सेंट फ्लोरेन्स आणि त्यांच्या सहकारी क्लाउडिया बायदेर यांनी याचा हिशेब मांडला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा की या सामूहिक हत्येने बागाईतदारांचा नफा वाढला नाही. दुसऱ्या काही संशोधकांनी परसातील लिचीची झाडे घेऊन जाळीखालील आणि उघड्या फळांची तुलना केली. नीट बसविलेल्या जाळीने नुकसान फार मोठ्या प्रमाणात टळते, असे त्यांना आढळले. आणखी एका गटाने वटवाघळांच्या अंगावर सौरऊर्जेवर चालणारी हलकी यंत्रे बसवून ती कोठे जातात याचा माग काढला. मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते मात्र जंगलातील संशोधन. फ्लोरेन्स यांच्यासमवेत काम करणाऱ्या तरुण संशोधकांनी दोन प्रकारची वने तपासली, एक उपऱ्या झाडांनी भरलेले आणि दुसरे ज्यातून ती काढून टाकली आहेत असे. साफ केलेल्या वनात मूळ वृक्षांना फळे अधिक धरतात, आणि वटवाघळे तेथे अधिक चरतात. म्हणजे त्यांना त्यांचे अन्न रानात परत मिळवून देणे, हाही बाग वाचविण्याचा एक उपाय आहे. त्याला वेळ लागतो, आणि निवडणुकीच्या आधी तो फळ देत नाही, एवढाच त्याचा दोष.

येथे एक उपकथा. फ्रेंच अमलाखालील शेजारच्या रेयुनियाँ बेटावरून ही काळी वटवाघळे दोनशे वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. २००७ च्या सुमारास दीडशेहून अधिक किलोमीटरचा समुद्र ओलांडून थोडी वटवाघळे आपण होऊन तेथे परतली. तेथे त्यांना संरक्षण आहे. एकाच प्राण्याला एका किनाऱ्यावर गोळी आणि दुसऱ्या किनाऱ्यावर अभय, अशी स्थिती झाली.

बंधुभगिनींनो, आता मी अशा जागी आलो आहे जेथे मला स्वतःलाच अडखळल्यासारखे होते. गोळी घालणे वाईट, हे आपल्या सभेत सांगणे सोपे आहे. परंतु वन पुन्हा उभे करण्याच्या कामातही हिंसा आहे. उपरी झाडे मुळासकट उपटावी लागतात. ती एकेंद्रिय असली तरी जीव आहेतच. त्यांत आपली माधवीलता आहे, हे ऐकून आपणांस आश्चर्य वाटेल. आपल्या संस्कृत कवींनी आम्रवृक्षाची सखी म्हणून गौरविलेली ही वेल मॉरिशसमध्ये उंच वृक्षांवर चढून त्यांना गुदमरवते. तिचे नाव जगातील सर्वाधिक घातक शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. एवढ्यावरच हे थांबत नाही. इल ओ एग्रेत या छोट्या प्रवाळबेटावर वन वाचविण्यासाठी १९९१ मध्ये सर्व उंदीर मारण्यात आले. राउंड बेटावरून शेळ्या आणि ससे संपविण्यात आले, तेव्हा कोठे तेथील माड आणि सरडे वाचले.

रॉड्रिग्जमध्ये मला मॉरिशसहून आलेली एक तरुण संशोधिका भेटली. तिचे पूर्वज रत्नागिरीकडचे. शाळेत शिकलेली मोडकीतोडकी मराठी ती माझ्याशी मोठ्या हौसेने बोलत होती. मी तिला विचारले, “बाई, एक जीव वाचविण्यासाठी दुसरा मारायचा, हा हिशेब तू कसा मांडतेस?” ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “गुरुजी, उंदीर इथे आपल्या पायांनी आला नाही. आमच्या जहाजांनी आणला. तो रोज मारतो, ते आम्ही बघत बसलो, तर तेही आम्हीच मारल्यासारखे. पण तुम्ही म्हणता तसा हिशेब मला येत नाही. मी फक्त वटवाघळांचे आणि झाडांचे काम करते. उंदरांचे काम मी मागून घेतले नाही.”

मी तिला उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते, आणि आजही नाही. गृहस्थाच्या बाबतीत आपल्याकडे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे हिंसेचे चार भेद केले आहेत, आणि पहिलीचा त्याग श्रावकालाही अनिवार्य मानला आहे. उंदरांचा तो नाश मी संकल्पी हिंसेतच धरतो, हेतू कितीही उदात्त असला तरी. मी तेथे असतो तर माझ्या हातून ते विष टाकले गेले नसते. आणि टाकले नसते तर त्या बेटावर आज जे आहे ते नसते, हेही मी नाकारू शकत नाही. जे विद्वान या व्यासपीठावर बसले आहेत, त्यांनी या गाठीवर कधीतरी प्रवचन करावे, अशी माझी नम्र विनंती आहे.

परंतु आपल्या वडाच्या बाबतीत अशी गाठ मुळीच नाही. वटवाघूळ येथे कोणी जहाजातून आणलेले नाही. ते मूळचे येथलेच आहे. लिचीसाठी जाळी आहे, तशी चिकूसाठीही आहे. ट्रस्टच्या बागेत झाडे थोडी आहेत, खर्च आवाक्यातला आहे, आणि त्या खर्चाचा एक भाग मी स्वतः देईन, हे येथे जाहीर करतो. जाळी मात्र ताणून, फांद्यांपासून दूर, चौकटीवर बसवावी लागते. सैल जाळीत वटवाघूळ आणि पक्षी दोघेही अडकून मरतात, आणि मग आपण गोळी न घालताही तेच केलेले असते.

रोगाविषयीची भीती मी हसण्यावारी नेत नाही. २०१८ मध्ये केरळात निपाहने माणसे दगावली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून तपासलेल्या काही वटवाघळांत त्या विषाणूच्या खुणा आढळल्याचेही प्रसिद्ध झाले आहे. ती आपल्या वडावरची जात नव्हे, तरीही सावधगिरी बाळगावी. चावलेले, चोची मारलेले फळ खाऊ नये, पडलेली फळे मुलांनी वेचू नयेत, फळे धुऊन सोलून खावीत, विष्ठा कोरडी झाडू नये, पाणी मारून ओली करून मग काढावी. परंतु वसाहत उधळून लावणे हा सावधगिरीचा मार्ग नव्हे. वड तोडला म्हणून वटवाघळे नाहीशी होत नाहीत, ती बिथरून चार गल्ल्यांत पांगतात.

कायद्याचेही सांगतो. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फलाहारी वटवाघळे कावळे, उंदीर यांच्यासह उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती, म्हणजे त्यांना कोणीही मारावे. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली.

जैन प्रतीकाच्या तळाशी, त्या उघड्या हाताच्या खाली, जे सूत्र कोरलेले असते ते आपणा सर्वांना पाठ आहे. त्यात जीवांनी एकमेकांवर उपकार करण्याची गोष्ट आहे. मी लहानपणी त्याचा अर्थ ‘माणसाने प्राण्यांवर दया करावी’ असा घेत असे. रॉड्रिग्जच्या त्या दरीत बसलो तेव्हा वाटले, मी निम्माच अर्थ घेतला होता. धर्मशाळेमागचा वड कोणी लावला? मी जुन्या मंडळींकडे चौकशी केली. कोणालाच ठाऊक नाही. कारण तो कोणी लावलेलाच नाही. वडाचे बी बहुधा कुणा पाखराच्या नाहीतर वटवाघळाच्या पोटातून पडूनच रुजते. ज्या सावलीत आपण पंचकल्याणकाचा मंडप घातला आणि पन्नास वर्षे महाप्रसाद वाढला, ती सावली आपल्याला कोणाकडून मिळाली, याचा विचार विश्वस्तांनी प्रस्तावावर मत देण्यापूर्वी करावा. सभागृहाचा नकाशा मी पाहिला आहे. तो उत्तरेला वीस फूट सरकविता येतो, असे त्यावर काम केलेल्या अभियंत्यांनी मला खासगीत सांगितले आहे. पायऱ्यांची दिशा मात्र बदलावी लागेल.

येत्या शनिवारी मी माझ्या दोन विद्यार्थ्यांसह त्या वडाखाली असेन. आम्ही रॉड्रिग्जच्या पद्धतीने वटवाघळांची मोजणी करणार आहोत, कारण वड तोडावा की ठेवावा यावर वर्षभर वाद चालला, पण त्यावर किती जीव राहतात हे अद्याप कोणी मोजलेले नाही. पाठशाळेच्या मुलांनी जरूर यावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपून आलात की वेळ अगदी नेमकी साधेल, ती तेव्हाच उडू लागतात. येताना डोक्यावर टोपी घालावी.